घटाचं पाणी कुठून आणलं

नवरात्रात आमच्या देवळात घट बसतो. त्यातलं पाणी नदीचं लागतं, आणि ते आमच्या घरानं आणायचं असा रिवाज आहे. गावात आमच्याकडं दुसरा कुठलाच मान नाही. शेत नाही, दुकान नाही, वजनदार नातेवाईक नाहीत. कापड रंगवणाऱ्यांचं आमचं घराणं. कित्येक पिढ्यांमागं पूर्वज इकडं आले आणि रंगाऱ्याला पाणी लागतं म्हणून नदीला चिकटून राहिले. नदीच्या सगळ्यांत जवळचं घर आमचं, म्हणून घागर आमची. वडील होते तोवर ती त्यांच्या खांद्यावर होती, नंतर माझ्या खांद्यावर आली. आई त्या घागरीला जपते तसं तिनं आम्हा भावंडांनाही जपलं नसेल.

गेली काही वर्षं मी त्या घागरीतून नदीचं पाणी आणत नव्हतो. गावाचं मैलापाणी जिथं शुद्ध होतं त्या केंद्रात मी नोकरी करतो. सगळे त्याला प्लांट म्हणतात. त्या प्लांटमधून शुद्ध होऊन बाहेर पडणारं पाणी मी घागरीत भरत होतो आणि देवीसमोर ठेवत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

हे मी माफी मागायला लिहीत नाही. एका गोष्टीची माफी मला मागायची आहे, ती पुढं येईल. पाण्याबद्दल मात्र मागणार नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर तेच पाणी भरीन.

कन्नड मुलखातलं, के. आर. पुरमच्या पलीकडचं आमचं गाव. शहरानं ते कधीच गिळलं, पण अजून पचवलेलं नाही. जुन्या गल्लीत अजून मराठी ऐकू येतं, म्हणजे आमचं मराठी, निम्मं कन्नड मिसळलेलं. पुण्याहून आलेला एक सहकारी मला म्हणाला होता, तुम्ही भांडता मराठीत पण मान्य करता कन्नडमध्ये. खरं आहे. 'सरी, सरी', म्हणजे बरं, बरं, म्हटल्याशिवाय आमचं कुठलंच भांडण मिटत नाही.

पाणी आणायचा एक नियम आहे. घटस्थापनेच्या सकाळी अंघोळ करून अनवाणी जायचं, घागर भरायची, आणि देवळात पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. वाटेत कुणी त्या माणसाशी बोलायचंही नाही. चुकून बोललाच तर ते पाणी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कडुनिंबाला घालायचं आणि मागं जाऊन पुन्हा भरून आणायचं.

वडील एकदा बोलले होते. मी परीक्षेत आपटलो होतो आणि पुरवणी परीक्षेला बसलो होतो. वडील घागर घेऊन येत होते तेवढ्यात शेजारच्यानं ओट्यावरून हाक मारली, "काय हो, झाला का पोरगा पास?" वडिलांच्या तोंडून निसटलं, "झाला की!" मग जीभ चावली, कडुनिंबाला घागर रिकामी केली आणि आल्या वाटेनं परत गेले. आई तो किस्सा अजून सांगते. "आयुष्यात एकदाच अभिमानानं बोलले, ते पण चुकीच्या वेळी."

मी तसा न बोलणाराच. त्यामुळं घागर माझ्याकडं आली तेव्हा सगळे म्हणाले, हा बरोबर आहे, ह्याला गप्प राहायला सांगावं लागत नाही.

पहिल्या वर्षी मी वडील जिथं भरायचे तिथंच, गावाच्या वरच्या अंगाला पायऱ्यांवर उतरून पाणी भरलं. तोवर तिथलं पाणी राखाडी झालं होतं. वरच्या बाजूला नवे लेआउट, म्हणजे घरांच्या वसाहती, उठले होते आणि त्यांची गटारं थेट नदीत येत होती. मी हे बघत होतो. माझं काम तेच होतं. तरीही घागर बुडवली, कारण वडील तिथंच बुडवायचे.

आमच्याकडं मातीच्या घटाभोवती ओली माती पसरून त्यात धान्य पेरतात. घट पाझरतो, माती ओली राहते, धान्य उगवतं. त्या पिवळ्या कोंबांना आम्ही धन म्हणतो. दसऱ्याला बायका ते केसांत खोवतात, पुरुष टोपीत. धन उंच आलं तर वर्ष बरं जाणार असं धरतात. त्या वर्षी धन उगवलंच नाही. धान्य मातीत कुजलं, गाभाऱ्यात वास सुटला, आणि पुजाऱ्यानं जास्तीच्या उदबत्त्या लावल्या.

देवळाच्या कमिटीचा प्रमुख माझा चुलतभाऊ. वयानं मोठा, म्हणून सगळ्यांचा अण्णा. तो सगळ्यांदेखत आईला म्हणाला, "काकू, हात गटारात घालणाऱ्यानं घागर उचलली की हे असंच व्हायचं."

आई तशीच निघाली. घरी आली, चिंच भिजवली आणि ती तांब्याची घागर घासत बसली. आतून, बाहेरून, काठाच्या खाली. लखलखायला लागली तरी थांबेना. मी दारात उभा होतो. वर न बघता तिनं विचारलं, "तू अंघोळ नीट केली होतीस ना रे?"

मी मान हलवली. त्या वेळी बोलायला हवं होतं. घागरीत दोष नाही, माझ्या अंघोळीत नाही, नदीत आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तेवढं सांगितलं की तिनं विचारलं असतं, तुला कसं ठाऊक? मग माझ्या कामाचं बोलावं लागलं असतं, आणि ते आमच्या घरात कुणी बोलत नव्हतं. जे. पी. नगरला मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा आईनंच सांगितलं होतं, "मुलगा पाण्याच्या खात्यात आहे." मुलीकडचे खूश झाले. बायकोला खरं लग्नानंतर कळलं. तिनं दोन दिवस तोंड फिरवलं, मग माझे कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायला लागली. ती बादली अजून वेगळी आहे.

तर माझ्या कामाबद्दल इथं सांगतो, कारण घरी कधी सांगितलं नाही.

गावाचं मैलापाणी आधी एका जाळीवर येतं. गावाचं सगळं बिंग तिथं अडकतं. दुधाच्या पिशव्या, केसांचे पुंजके, रुमाल, लोकांनी जे जे कमोडमध्ये टाकून हात झटकले ते सगळं. मग वाळू खाली बसते. मग मोठ्या टाक्या, ज्यांत खालून हवा सोडतात आणि तपकिरी पाणी रात्रंदिवस खदखदत राहतं. त्यात जिवाणू असतात. पाण्यातली घाण ते खातात. प्लांटमधलं खरं काम तेच करतात, आम्ही फक्त त्यांची बडदास्त ठेवतो. हवा कमी पडली की ते मरतात, कुणी कारखान्याचं ॲसिड गुपचूप गटारात ओतलं की मरतात, आणि ते मेले की आम्हाला पुन्हा शून्यापासून त्यांना वाढवावं लागतं. पोट भरलेले जिवाणू पुढच्या शांत टाकीत तळाला बसतात आणि वरून काठावरून पाणी सांडतं, स्वच्छ, तळ दिसेल असं. त्यात थोडं क्लोरिन, आणि मग एका पाटानं ते नदीला जाऊन मिळतं.

पाटाच्या वर नदी काळी आहे. पाट मिळाला की निवळायला लागते. खाली बंधाऱ्यापाशी मासे आहेत, खंड्या पक्षी तारेवर बसून असतो, पाणकोंबड्या पिलं घेऊन फिरतात. उन्हाळ्यात वरून गटाराशिवाय काही येत नाही. त्या दिवसांत खाली नदी म्हणण्यासारखं जे वाहतं ते आमच्या पाटातलं. प्लांट नदीला वाचवतो असं पाहुण्यांना दाखवताना आमचे साहेब म्हणतात. मला ते कमी वाटतं. उन्हाळ्यात नदी असते तीच आमच्यामुळं.

दुसऱ्या वर्षी मी पायऱ्यांवर गेलो नाही. पाटावर गेलो आणि घागर बुडवली. गल्लीत खालच्या बाजूनं शिरलो. सगळ्यांनी पाहिलं, पण घागरवाल्याशी बोलायचं नाही असा नियम. त्या नियमाच्या आड मी मजेत चाललो. एक सांगतो, ते पाणी पिण्याचं नाही आणि मी ते कुणाला पाजलं नाही. देवळातलं तीर्थ बोअरच्या पाण्याचं असतं. एवढं भान मला होतं.

त्या वर्षी धन वीतभर आलं. दाट, तजेलदार. अण्णानं आरतीनंतर सगळ्यांना सांगितलं, देवी प्रसन्न आहे. मी मागं उभा होतो. मला ठाऊक होतं की आमच्या पाण्यात नत्र राहतं, खताच्या पोत्यात असतं तेच. आई पहिल्या रांगेत होती. अण्णानं स्वतः तिच्या ओंजळीत पहिला जुडगा दिला. तिनं तो केसांत खोवला, उरलेला कागदात बांधून जे. पी. नगरच्या व्याह्यांना पाठवला. मग दर वर्षी तसंच. दर वर्षी उंच, दर वर्षी पहिला जुडगा आईचा. तिचा चेहरा पाहिला की मला आनंद व्हायचा, आणि मी दुसरीकडं बघायचो.

असंच चाललं असतं. पण वरच्या लेआउटांची गटारं नदीत पडायची थांबवून प्लांटकडं वळवायचं ठरलं. त्यासाठी एक पंपघर लागणार होतं, आणि त्याला योग्य जागा देवळामागची मोकळी पट्टी. जमीन उताराची आहे, पाणी आपसूक तिथं येतं. देवळाची संमती हवी होती. कमिटीनं सभामंडपात बैठक बोलावली.

अण्णा उभा राहिला. बोलतो छान. म्हणाला, "देवळामागं गटाराचा पंप? आणि कशासाठी? नदी घाण आहे म्हणून? कोण म्हणतं घाण आहे? आपला घट बघा. दर वर्षी धन कसं येतं? हे नदीच्या पाण्याचं सत्त्व आहे. घाण असती तर उगवलं असतं का?"

माणसांनी माना डोलावल्या. आई बायकांमध्ये पुढं बसली होती, ताठ. धनाचा विषय निघाला की ती ताठ बसते, कारण पाणी आमचं.

मला कळलं की आता मी गप्प राहिलो तर पंपघर होणार नाही. माझ्या गप्प बसण्याचाच पुरावा करून वरची गटारं नदीत पडत राहतील. आणि बोललो तर घागर जाईल. आईकडं तेवढं एकच होतं.

मी उभा राहिलो. "अण्णा, ते पाणी नदीचं नव्हतं."

"मग काय आभाळातनं आणलंस?" लोक हसले.

"प्लांटचं. शुद्ध करून सोडतो ते. पहिल्या वर्षी नदीचं आणलं होतं. तेव्हा काय झालं ते आठवा."

हसणं थांबलं. मागून एका बाईचा आवाज आला, "अय्यो! म्हणजे आम्ही केसांत खोवलं ते..."

"तुमच्याच घरचं, अक्का," मी म्हणालो. "धुऊन परत दिलं."

मी कुणाला असं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. बोललो आणि माझेच कान तापले.

अण्णाचा चेहरा लाल झाला. "देवीला संडासाचं पाणी घातलंस?"

"संडासाचं पाणी नदीत आपण सगळे घालतो, अण्णा. रोज. तुझ्या नव्या बिल्डिंगचा पाइप कुठं सुटतो, सांगू? मी ते साफ करायची नोकरी करतो. लाज कुणी वाटून घ्यायची?"

गोंधळ झाला. कुणी म्हणालं, याला बाहेर काढा. कुणी म्हणालं, ऐकून तरी घ्या की. शेवटी अण्णानं टेबलावर हात आपटला आणि सांगितलं, यापुढं ह्या घराचा मान बंद. जागेचं नंतर बघू. आई उठली, पदर सावरला आणि कुणाकडं न बघता बाहेर पडली. माझ्याकडंही नाही.

 घरी ती ताट वाढायची, पण समोर बसायची नाही. माझ्या हातचा चहा परत ठेवायची. अशा घरात मी वाढलोय जिथं राग म्हणजे भांड्यांचा आवाज. या वेळी भांड्यांचाही आवाज नव्हता.

एका दुपारी ती शेंगा सोलत बसली होती. एकदम म्हणाली, "आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर घागर दिली असतीस?"

"नसती."

"मग?"

"मग नसती दिली. तो माझा प्रश्न." शेंग मोडल्याचा आवाज आला. "मला वाटायचं घागरीत दोष राहिला. दर वर्षी मी ती घासते. नवरात्राच्या आधी दिवस दिवस घासते. तुझ्या बापाची चूक, माझी चूक, कुणाची काय चूक झाली म्हणून पहिल्या वर्षी तसं झालं, हे शोधत बसले. तू बघत होतास. दारात उभा राहून."

याची माफी मला मागायची आहे. देवीची नाही, अण्णाची नाही, केसांत धन खोवणाऱ्या कुणाची नाही. चिंचेनं घागर घासणाऱ्या आईकडं बघत मी उभा राहिलो आणि नुसती मान हलवली, त्याची. तिथं बसून मी तिला ते सांगितलं. अडखळत सांगितलं. तिनं शेंगांची टोपली माझ्याकडं सरकवली. "सोल," म्हणाली.

नवरात्र जवळ आलं तसं कळलं की देवळात या वर्षी कॅनचं पाणी येणार, दुकानातलं, निळ्या झाकणाचं. त्यावर आईनं घरी घट बसवायचं ठरवलं. आमच्या घरी कधी बसत नव्हता, देवळातला तोच आमचा. मला म्हणाली, "तुझा तो प्लांट दाखव आधी."

मी तिला रिक्षानं घेऊन गेलो. फाटकाशी पोचलो तरी ती रिक्षावाल्याला "स्वल्प पुढं, स्वल्प पुढं" करत होती, कारण हेच ते ठिकाण यावर तिचा विश्वास बसेना. आत झाडं आहेत, गवत आहे. जाळीपाशी मात्र तिनं पदर नाकाला लावला आणि बराच वेळ बघत राहिली. एक दुधाची पिशवी वर आली. "ही आपल्याकडची नाही," ती म्हणाली. "आपण धुऊन ठेवतो."

खदखदत्या टाक्यांपाशी तिनं जिवाणूंबद्दल विचारलं. "ह्यांना सुट्टी असते?"

"नाही."

"दसऱ्याला पण नाही?"

"दसऱ्याला जास्त काम. सगळ्यांकडं पाहुणे."

ती हसली नाही, पण पदर नाकावरून खाली आला. पाटावर गेल्यावर ती वाकली, ओंजळ भरली, नाकाजवळ नेली. "वास नाही." मग जरा थांबून, "आहे स्वल्प."

"क्लोरिनचा."

"सरी," ती म्हणाली आणि हात पदराला पुसले.  

घटस्थापनेच्या सकाळी अंघोळ करून मी बाहेर आलो तर घागर ओट्यावर ठेवलेली होती. घासलेली नव्हती. तांबं काळपटच होतं. हळदकुंकू मात्र लावलेलं. कुठं जा, ते तिनं सांगितलं नाही.

मी पाटावरून भरून आणलं. खालच्या बाजूनं गल्लीत शिरलो. आई आमच्या दारात उभी होती, हातात ताट. मध्ये अण्णाचं घर. तो ओट्यावर पेपर घेऊन बसला होता. मला बघून त्यानं पेपर खाली केला. घागरवाल्याशी बोलायचं नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तरी मुद्दाम, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "कुठलं रे पाणी?"

मी पुढं जाऊ शकत होतो. रिवाज माझ्या बाजूनं होता. इतकी वर्षं होता. खांद्यावर घागर होती, ती गार होती, आणि थोडं पाणी माझ्या मानेवरून पाठीत उतरत होतं. मी थांबलो.

"प्लांटचं," मी म्हणालो. मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, "प्लांटचं पाणी आहे, अण्णा. तुझ्या घरचंही आहे ह्यात."

दोन दारं उघडली. कुणीतरी खिडकीतून डोकावलं. अण्णानं पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मी आईकडं पाहिलं.

"बोललास?" तिनं दारातूनच विचारलं.

"बोललो."

"मग घाल ते कडुनिंबाला. आणि परत भरून आण."

मी तिच्याकडं बघत राहिलो. "कुठनं?"

"कुठनं काय? जिथनं आणलंस तिथनं. दुसरीकडं पाणी आहे काय या गावात?"

मी गल्लीच्या तोंडाशी गेलो, घागर कडुनिंबाच्या बुडाशी कलती केली. पाणी मातीत मुरलं. मग रिकामी घागर घेऊन पुन्हा पाटाच्या वाटेला लागलो. मागून आईचा आवाज येत होता, माझ्याशी नाही, अण्णाशी.

"अण्णा, आता तो आला की काही विचारू नकोस हां. मला फार वेळ उभं राहवत नाही."